सेंट्रल पार्कच्या जागी होतं एक गाव

आमच्याकडे भारतातून कुणी आलं, की न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ठरलेलंच. पण तिथे पूर्वी एक गाव होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सेनेका व्हिलेज! १८२५ पासून कृष्णवर्णीयांनी जमिनी विकत घेऊन तिथे घरं, चर्च, शाळा उभारली. जमिनीला दुहेरी मोल होतं. कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता दाखवावी लागे. १८५७ पर्यंत पार्कसाठी अख्खं गाव उठवलं गेलं.

ते राहिलं असतं तर? मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०२१ मध्ये तिथल्या घराची एक काल्पनिक खोली मांडली. मधोमध चूल, विटांचं धुराडं, पाच बाजूंचा टीव्ही. भिंतीवरच्या कागदात गावाचा नकाशा आणि चक्क भेंडीची झाडं! ही भेंडी आफ्रिकेतून गुलामांबरोबर अमेरिकेत पोचली.

अफ्रोफ्युचरिझम म्हणजे नुसती अंतराळयानं नव्हेत. ज्यांचा भूतकाळ पुसला गेला, त्यांनी भविष्यावर सांगितलेला तो हक्क आहे. ज्याचं गाव धरणाखाली गेलंय, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

पुढच्या खेपेला पाहुण्यांना पार्कच्या पश्चिम कडेला, ८२ ते ८९ व्या रस्त्यांदरम्यान जरूर न्या. मी नेतो.