दोन रकाने

वेताळ टेकडीच्या नोंदवह्या परवा माळ्यावरून खाली काढल्या. पहिली २००३ सालची. तीत पानोपानी पक्षीच: नवरंग, चातक, शिंजीर, तारीख-वेळेसकट. पायाखाली काय उमललं होतं, याची एक ओळही नाही.

फूल पहिल्यांदा नोंदलं ते २००८ च्या जूनमध्ये, तेही डोंबारी चंडोलामुळे. चिमणीहूनही लहानखुरा पक्षी. नर उंच चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली सूर मारतो आणि जमिनीला टेकणार असं वाटतं तोच पुन्हा वर. तो अखेर उतरला तिथं दुर्बीण लावली, तर मुरमातून दीपकाडीचे पांढरे तुरे वर आलेले. पहिल्या सरींना पंधरा दिवसही झाले नव्हते. मी गुडघे टेकून बघत राहिलो. त्या पानापासून वहीत दोन रकाने पडले.

मग हळूहळू उमगत गेलं. दीपकाडी, पांढरी मुसळी जमिनीखाली उन्हाळा काढतात, म्हणून पाऊस लागताच फुलतात. तेरडा आणि कवला बियांतून रुजतात. त्यांना ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. डोंबारी ढेकळाच्या नाहीतर गवताच्या आडोशाला, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. या सगळ्यांना ऊन हवं, मोकळा माळ हवा.

तोच माळ आपल्याला पडीक वाटतो. टेकडी हिरवी व्हावी म्हणून तिथं गिरिपुष्प लावलं गेलं. झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं; नुसती फांदी रोवली तरी जगतं. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. नवरंगही मी त्याच सावलीत पाचोळा उलथताना पाहिलाय. पण त्या सावलीखालची मुसळी वर्षागणिक विरळ होत गेली, आणि चंडोल तर तिकडे फिरकतच नाही. उघड्या माळावर खड्डे खणताना पाहिलं की आजही माझा जीव कासावीस होतो.

मार्चची पानं मात्र अजून भरलेली आहेत. पळस पेटला की परतीच्या वाटेवरच्या भोरड्या त्यावर तुटून पडतात. मधासाठी चोच खुपसून खुपसून त्यांची कपाळं परागांनी पिवळी होतात.

माथ्यावरच्या एका पट्ट्यात यंदाही ११ जूनला दीपकाडी फुलली. शेजारचा डोंबारीचा रकाना सलग चौथ्या वर्षी कोरा आहे.