टाळूची खिडकी

बाळाची टाळू भरेपर्यंत तिला जपायचं, हे घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. त्याच मऊ जागेतून आतला मेंदू बघता येतो, हे डॉक्टरांना उमगलं १९७०च्या दशकाच्या अखेरीस.

दिवस भरण्याआधी जन्मणं आणि पुढे हातपाय ताठ होणं, यांची सांगड डॉक्टर विल्यम लिटल यांनी १८६१मध्येच लंडनच्या डॉक्टरांपुढे घातली होती. (दोष बाळंतपणाचा की त्याआधीचा, हा वाद नंतर फ्रॉइडनंही घातला. हो, तोच फ्रॉइड!) पण निदान व्हायचं मूल चालेना तेव्हा. १९७८ साली अमेरिकेत लू-अ‍ॅन पापिल आणि सहकाऱ्यांनी दीड किलोहून कमी वजनाच्या ४६ बाळांचे सीटी स्कॅन केले. २० जणांच्या मेंदूत रक्तस्राव निघाला, कित्येकांत बाहेरून काडीचीही खूण नसताना. मग टाळूतून करायची सोनोग्राफी आली आणि यंत्रच बाळाच्या काचेच्या पेटीपाशी जाऊ लागलं.

पण फोटोतला डाग पुढचं सगळं सांगत नाही. डाग असून धावणारी मुलं असतात, स्वच्छ फोटो असून अडखळणारीही. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं तर १९८७ ते ८९मधली दोन किलोंखालची बाळं थेट अठराव्या वर्षापर्यंत तपासली. एवढा धीर मला कुठल्याही यंत्रापेक्षा मोठा वाटतो.

मग डॉक्टर हाइन्झ प्रेख्टल यांनी बाळाच्या हालचालींकडे नुसतं बघायला शिकवलं. तीन ते पाच महिन्यांचं बाळ उताणं पडल्या पडल्या मान, धड, हातपाय बारीक-बारीक, गोलसर हलवत राहतं. हे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं. दोन महिने आधी आलेलं बाळ पाच महिन्यांचं झालं, तरी इथे तीनच धरायचे. १९९७मध्ये त्यांनी १३० बाळांचा अभ्यास मांडला. ज्या ६० बाळांत ही हालचाल नव्हती किंवा बिघडलेली होती, त्यांतल्या ५७ जणांना पुढे मज्जासंस्थेचा काही ना काही त्रास निघाला.

२०१७पर्यंत तज्ज्ञ सांगू लागले, की सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे लिटल यांनी वर्णन केलेल्या त्याच विकाराचं, निदान सहा महिन्यांच्या आतही करता येतं. आपल्याकडे २०१३मध्ये पालघरहून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, जिल्ह्याजिल्ह्यात तपासणी केंद्रं ठरली. घरात मात्र ‘सातमाशी आहे, धरेल मान उशिरा’ हेच चालू.

प्रेख्टल यांच्या या तपासणीला काय लागतं? जागं, शांत बाळ आणि काही मिनिटांचं चित्रण. खुळखुळा बाजूला ठेवायचा, कुणी बोलायचं नाही, हात लावायचा नाही. नातवंडाभोवती जमलेल्या घराला एवढंच जड जातं.