रजेचा अर्ज ऐकणार कोण?

म्हसवडचा एखादा माणूस कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात जन्मठेप भोगतोय आणि इकडे त्याच्या आईला दवाखान्यात हलवलंय, असं समजा. तो पॅरोलचा अर्ज करतो. कैदी याला 'सुट्टी' म्हणतात. अर्ज अधीक्षकांमार्फत वर जातो आणि चौकशीसाठी म्हसवड पोलीस ठाण्यात येतो. हवालदार घरी येतात, जामीन कोण राहणार, सुट्टीत मुक्काम कुठे, हे विचारतात, फिर्यादीच्या घरच्यांचा जबाब घेतात. अहवाल परत जातो आणि निर्णय होतो. एवढ्या फिरतीत आईला विचारलं जातं, जामीनदाराला विचारलं जातं, शेजाऱ्यालाही विचारलं जातं. ज्याचा अर्ज आहे त्याला मात्र कोणी समोर बसवून विचारत नाही.

सध्या जगभर वाद चालू आहे तो पॅरोलच्या सुनावणीला कैद्याला पडद्यावरून हजर करावं का, यावर. कॅलिफोर्नियात २०२० सालच्या साथीत या सुनावण्या व्हिडिओवर गेल्या. इंग्लंडच्या पॅरोल मंडळानेही तेव्हाच दूरस्थ सुनावण्यांवर भर दिला. तिथे पॅरोल म्हणजे शिक्षा संपण्याआधीची सशर्त सुटका. मंडळाचे सदस्य कैद्याला प्रश्न विचारतात, तो उत्तरं देतो. आपल्याकडचा पॅरोल ही थोड्या दिवसांची रजा आहे, आणि तिच्यासाठी सुनावणी अशी नाहीच. म्हणून तिकडचा वाद इथे जसाच्या तसा आणता येत नाही. आपल्याला आधी सुनावणीची खोलीच बांधायची आहे.

महाराष्ट्रात हा कारभार १९५९ च्या नियमांवर चालतो. रजा दोन प्रकारच्या. फर्लो म्हणजे संचित रजा. ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर ती मिळू शकते, कारण दाखवावं लागत नाही, आणि तिचे दिवस शिक्षेतच धरले जातात. घराशी नातं तुटू नये, हा तिचा हेतू. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. तिला मृत्यू, आजारपण, लग्न असं कारण लागतं आणि ते दिवस नंतर भरून द्यावे लागतात. फर्लो हा निरपवाद हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नारायण साई प्रकरणात याच नियमांचा अर्थ लावताना स्पष्ट केलं. ते मान्य. पण हक्क नसला तरी नकार कशावर बेतलाय, हे तपासावंच लागतं. बहुतेक नकारांच्या मुळाशी पोलिसांचा प्रतिकूल अहवाल असतो: सुटल्यास शांततेचा भंग होईल, फरार होण्याची शक्यता आहे. ही वाक्यं एका अहवालातून दुसऱ्यात जशीच्या तशी येतात. अशा साचेबंद अहवालावरचे नकार मुंबई उच्च न्यायालयाने वेळोवेळी रद्द केले आहेत.

माणूस परत येईल की नाही, याचा उत्तम पुरावा कारागृहाच्या दप्तरातच असतो. मे २०२० मध्ये सरकारने साथीसाठी आकस्मिक पॅरोलचा नियम केला, तेव्हा सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या कैद्यांना लावलेली एक अट अशी होती की आधीच्या दोन सुट्ट्यांवरून तो वेळेत परतलेला असावा. विश्वास मोजायची इतकी साधी पट्टी हाताशी आहे. आणि आमच्या माणदेशाला हा विश्वास नवा नाही. शेजारच्या आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसवलं. संस्थानिक पंतप्रतिनिधींच्या पाठबळावर मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने शिक्षा झालेल्या माणसांना उंच भिंतींशिवाय शेतीवर राहू देण्याचा प्रयोग तिथे केला. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट त्यातूनच सुचला, आणि त्याची कथा लिहिणारे गदिमाही याच मातीतले.

पडदा मात्र कारागृहात वेगळ्याच कामासाठी आला. अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवरून घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रफुल्ल देसाई प्रकरणात म्हटलं. पुढे २००८ च्या दुरुस्तीने न्यायालयीन कोठडी वाढवण्यासाठी कच्च्या कैद्याला पडद्यावरून हजर करणं कायदेशीर झालं. पोलीस कोठडीसाठी आजही त्याला प्रत्यक्षच न्यावं लागतं. 'आज व्हीसी झाली', म्हणजे पडद्यावरून हजेरी झाली, हे वाक्य आता कैद्यांच्या नातेवाइकांच्या तोंडी रुळलंय. गार्ड मिळाला नाही म्हणून तारीख चुकायची, ते कमी झालं, हा फायदा खरा आहे. पण कोर्टाच्या आवारात आई लांबून मुलाला पाहायची, वकील कानात दोन शब्द सांगायचा, मारहाणीचे वळ न्यायाधीशांना दिसायचे, ते पडद्यावर हरवलं. शिकागोच्या कुक काउंटीत १९९९ पासून जामिनाच्या सुनावण्या पडद्यावर घेतल्या. नंतरच्या अभ्यासात दिसलं की ज्या गुन्ह्यांच्या सुनावण्या पडद्यावर गेल्या त्यांच्यात जामिनाची रक्कम सरासरी निम्म्याने वाढली होती. अंधुक चित्रातला माणूस परका वाटतो, त्याची भीती वाटते.

तरीही मी रजेच्या अर्जासाठी पडदा मागतो आहे. कोर्टात पडद्याने माणसाची हजेरी पातळ केली, कारण तिथे तो आधी प्रत्यक्ष उभा राहत होता. रजेच्या निर्णयात तो कुठेच नव्हता. इथे दहा मिनिटांचं चित्रही भरच घालेल. मात्र अटी हव्यात. पोलीस अहवाल त्याला आधी वाचायला मिळावा, मराठीत, आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवावा. कोठडीतल्या माणसाला मोफत विधी सेवेचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलाय. तो वकील कैद्याशेजारी बसावा. आवाज तुटला तर सुनावणी पुन्हा घ्यावी.

फिर्यादीच्या घराचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. आमच्या गावांत दोन्ही घरं अनेकदा एकाच आळीत असतात. ज्या बाईचा नवरा मारला गेला, तिला मारणारा पंधरा दिवस समोरून जाताना दिसणार. तिची भीती आज जबाबाच्या एका ओळीत गोठते: 'आमचा विरोध आहे.' का आहे, तो दुसऱ्या गावी बहिणीकडे राहिला तर चालेल का, ठाण्यात रोज हजेरी लावली तर तिला झोप लागेल का, हे विचारायला त्या छापील नमुन्यात जागा नाही. तिला त्याच्यासमोर न बसवता, वेगळ्या वेळी, पडद्यावरून ऐकता येईल. तिने नकोच म्हटलं तर तेही पूर्ण ऐकलं जावं.

पूर्वी नकार मिळालेल्याला मुंबईला उच्च न्यायालयात जावं लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं, त्यात सातारा आणि सांगली दोन्ही आले. वाट जवळ झाली खरी, पण रिट लागेपर्यंत दवाखान्यातली आई घरी आलेली असते किंवा गेलेली असते. पहिल्याच निर्णयाआधी ऐकून घेतलं तर यातले कितीतरी कागद कोल्हापूरपर्यंत जाणारच नाहीत.

कोर्टाच्या तारखांसाठीची यंत्रणा कारागृहात बसलेलीच आहे. आठवड्यातली एक दुपार रजेच्या अर्जांना द्यावी. निर्णय घेणारा अधिकारी पुण्यात, कैदी कळंब्यात, आणि जामीन राहणारी बहीण म्हसवडच्या ठाण्यात. बसभाडं आणि बुडालेली हजेरी सोसून आज ती मुलाखतीला जाते, जाळीपलीकडे त्याच्याशी थोडा वेळ बोलते आणि रात्री परतते. त्या दुपारी तिला ठाण्यातल्या खुर्चीवर बसून साहेबांना सांगता येईल, की मागच्या वेळी तो परत निघाला तेव्हा एसटीत त्याला बसवून द्यायला तीच गेली होती.