गिटारवरचा संकर

श्रोतेहो, जाझ म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. गोंगाट आहे झाले! पण त्याची रीत आपल्याला अगदीच परकी नाही. गवई बंदिशीचे तोंड मांडतो आणि मग बसल्या बैठकीत तिचा विस्तार करतो; जाझचा वादकही आधी चाल सांगून घेतो आणि त्याच क्षणी नवे रचत जातो. भेद आहे तो पायात. आपला षड्ज ढळत नाही, त्यांच्याकडे चालीखालचे स्वरांचे जुडगे सारखे बदलत राहतात. गुरुजी, शाळेत पेटी असेल तर करून पाहा. चाल तीच ठेवा आणि खालचा आधारस्वर मधेच बदला. मुले लगेच माना वर करतील.

हे दोन्ही पाय एका गिटारवर आणू पाहणारा कलावंत म्हणजे अमान्सियो डिसिल्व्हा. घराणे गोमंतकीय, जन्म मुंबईचा, १९३६ चा. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचा त्यांना आश्रय लाभला. पुढे ते लंडनला गेले. तेथे १९६९ साली 'इंटिग्रेशन' आणि 'हम दोनो' अशा दोन तबकड्यांचे ध्वनिमुद्रण झाले. दुसरीतले साथीदार जो हॅरियट, जमैकाचे सॅक्सोफोनवादक. ठरलेले जुडगे आणि ठरलेला ठेका सोडून वाजवण्याचे धाडस त्यांनी १९६० च्या सुमारासच केले होते.

आता बदनापूरकरांना पुढचे समजायला अवघड नाही, कारण आपल्या कृषी संशोधन केंद्राचे तुरीचे वाण शिवारात सर्वांनी पाहिले आहेत. कपाशीत तुरीच्या ओळी घेतल्या तर ते आंतरपीक. दोघे आपापल्या मुळावर. हॅरियट यांनी कलकत्त्याचे जॉन मेयर यांच्याबरोबर आधी केले ते असे होते. पाच जाझवाले, पाच भारतीय संगीताचे, शेजारी शेजारी. डिसिल्व्हांनी केला तो संकर. 'हम दोनो'मध्ये सतार नाही की तबला नाही. जे हिंदुस्थानी आहे ते गिटारच्या तारेतूनच यायचे. माझ्या मते हे काम जास्त कठीण, आणि ते फसले तर लपवायला जागा नसते.

यश मात्र बेताचेच मिळाले. हॅरियट १९७३ साली विपन्नावस्थेत वारले. डिसिल्व्हांचे १९७२ साली मुद्रित केलेले 'कोकण डान्स' पडूनच राहिले. ते प्रसिद्ध झाले २००६ साली, आणि तोवर वादकाला जाऊन दहा वर्षे झाली होती.