गॅसची पाइपलाइन कृष्णवर्णीयांच्याच दारी का?

प्रदूषण जात पाहत नाही, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. धूर जात पाहत नाही, हे खरे. पण धूर ओकणारे यंत्र कोणाच्या वस्तीशेजारी बसवायचे, हे माणसेच ठरवतात आणि वस्ती कोणाची आहे हे बरोबर पाहून ठरवतात. अमेरिकेतील युनियन हिलचा लढा हेच सांगतो.

युनियन हिल ही व्हर्जिनिया राज्यातील बकिंगहॅम काउंटीची वस्ती. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी ती वसवली. त्यांचे वंशज आजही तेथे राहतात. २०१४ साली डॉमिनियन आणि ड्यूक या बड्या वीज कंपन्यांनी अटलांटिक कोस्ट पाइपलाइन जाहीर केली. वेस्ट व्हर्जिनियापासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत सुमारे ६०० मैल नैसर्गिक वायू नेण्याची ही योजना. वायूचा दाब टिकवायला वाटेत कॉम्प्रेसर स्टेशन लागते. व्हर्जिनियातले असे एकमेव स्टेशन नेमके युनियन हिलला येणार होते. जागा कोणती? जेथे एकेकाळी गुलाम राबत, त्याच मळ्याची जमीन!

अशा स्टेशनातील गॅस टर्बाइन्समधून नायट्रोजन ऑक्साइड, सूक्ष्म धूलिकण, फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतात. वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या, दमेकऱ्यांच्या छातीत हेच जाणार होते.

विरोध होताच आकड्यांचा खेळ सुरू झाला. मोठ्या क्षेत्राची सरासरी काढून सांगण्यात आले की, येथे वस्ती विरळ आहे. मग रहिवासी एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या साथीने दारोदार फिरले आणि त्यांनी स्वतःच मोजणी केली. सुमारे ८३ टक्के रहिवासी गोरेतर निघाले. कंपनीने २०१८ साली वस्तीच्या विकासासाठी ५१ लाख डॉलरचे गाजर दाखवले. वस्तीत फूट पडली, पण लढा थांबला नाही. जानेवारी २०१९ मध्ये राज्याच्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवाना दिला. ७ जानेवारी २०२० रोजी संघीय अपील न्यायालयाने तो रद्द केला. पर्यावरणीय न्याय म्हणजे केवळ रकान्यात करायची खूण नव्हे, असे न्यायालयाने बजावले. मंडळाने लोकांच्या मोजणीची दखल घेतली नाही, हा त्यातला मुख्य दोष होता. इतर खटले आणि ८०० कोटी डॉलरपर्यंत फुगलेला खर्च यांचीही भर पडली. जुलै २०२० मध्ये कंपन्यांनी प्रकल्पच गुंडाळला.

तरीही केवळ न्यायालयावर विसंबून चालत नाही. त्याच भागातील माउंटन व्हॅली पाइपलाइनही न्यायालयांत अडकली होती. २०२३ साली काँग्रेसने कायद्यात खास तरतूद करून तिला वाट मोकळी करून दिली. पर्यावरणीय न्यायासाठी १९९४ साली निघालेला राष्ट्राध्यक्षांचा आदेशही जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. कागदावरचा हक्क सत्ता बदलताच पुसला जातो, हे आम्हाला नवे नाही.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला होता. त्या मुक्त गुलामांच्या वंशजांकडून आज आम्ही काय शिकणार?

आपल्याकडे पाइपलाइनसाठी १९६२ चा कायदा आहे. त्यात सरकार जमीन घेत नाही, तिच्या वापराचा हक्क घेते आणि त्यासाठी बाजारभावाच्या १० टक्के भरपाई देते. हरकत घ्यायला अधिसूचनेपासून २१ दिवस मिळतात. पण ती घ्यायची कोणी? ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्याने! मग पाइपलाइनच्या कडेला झोपडीत राहणाऱ्या भूमिहीनाचे काय? गावाच्या सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याच्या श्वासाची नोंद कोणता तलाठी करणार?

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. प्रकल्पाची अधिसूचना निघण्याची वाट पाहू नका. आपल्या वस्तीतली घरे, माणसे, विहिरी, दमेकरी, स्मशानभूमी यांची मोजणी आजच करा. सह्या घ्या, तारीख घाला. ते आम्हाला मोजणार नाहीत. आपल्यालाच आपली मोजणी करावी लागेल आणि ती घेऊन दाद मागावी लागेल.