पाहायचे की ठेवायचे?

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांची पहिली पाने लॅपटॉपच्या जाहिरातींनी भरून जातात. एके काळी याच दिवसांत रेडिओ, शिवणयंत्र आणि प्रेशर कुकर यांच्या जाहिराती झळकत असत. वस्तू बदलल्या, पण घरातली चर्चा मात्र बदललेली नाही. कोणता घ्यायचा, केवढ्याचा घ्यायचा आणि घेतल्यावर तो कोणाच्या ताब्यात राहायचा, हे तीन प्रश्न मध्यमवर्गीय घरात पूर्वीही होते, आजही आहेत.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. यंत्राच्या खरेदीवर मी लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. परंतु आमच्या घरी लॅपटॉप घेण्याचा विषय निघाला आणि चौघांनी चार गरजा सांगितल्या, तेव्हा चौकशीचे काम माझ्याकडे आले. चिरंजीव अकरावीत, त्यांना खेळ हवे होते. यजमानांना क्रिकेट. मला रात्री हुकलेली मालिका सवडीने पाहता आली म्हणजे पुरे होते. सासऱ्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. त्यांचे वय ब्याऐंशी. ते एवढेच म्हणाले, “चांगलं काही लागलं, तर ते ठेवता आलं पाहिजे.”

पाहणे आणि ठेवणे! पुढे दुकानांतून हिंडताना माझ्या ध्यानात आले की, सगळा घोळ या दोन क्रियापदांचा आहे. दुकानदार पाहण्याचे यंत्र विकतो आणि गिऱ्हाईक मनात ठेवण्याची आशा धरून ते घरी आणते.

पाहण्यापुरते

पाहण्यापुरता लॅपटॉप निवडणे फारसे अवघड नाही. प्रथम पडदा पाहावा. साडेपंधरा इंचांच्या आसपासचा आणि १९२० बाय १०८० बिंदूंचा पडदा घरच्या उपयोगाला उत्तम. तो ‘आयपीएस’ जातीचा आहे ना, हे विचारावे. विचारून समाधान झाले नाही तर सोपी परीक्षा आहे. पडद्यावर माणसाचा चेहरा लावायला सांगावा आणि आपण बाजूला सरकून तिरके पाहावे. चेहरा काळवंडला किंवा फिकटला, तर तो पडदा एकट्याने पाहण्याचा. सोफ्यावर तिघांनी बसून पाहण्याचा नव्हे. चकचकीत पडद्यात दुकानातल्या दिव्याखाली रंग खुलून दिसतात, पण घरी त्याच पडद्यात खिडकी आणि ट्यूबलाइट यांचेच दर्शन घडते. म्हणून बिनचकाकीचा बरा.

दुसरी गोष्ट आवाजाची. आवाज तपासताना दुकानदार ढोलताशांचे काहीतरी लावतो. आपण नाटकातला संवाद लावायला सांगावा. शब्द स्वच्छ कळले पाहिजेत. पातळ यंत्राच्या पोटात मोठा कर्णा मावत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे. ‘एचडीएमआय’ची खाच असली की एका तारेने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडता येतो आणि मग पडद्याचा व आवाजाचा प्रश्न एकदमच सुटतो.

चित्र पाहण्यासाठी महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. अलीकडच्या साध्या प्रोसेसरमध्येही चित्रे उलगडण्याची स्वतंत्र सोय असते. ८ जीबी रॅम चालते, १६ जीबी असल्यास पुढची काही वर्षे चिंता नाही. “मॅडम, हा मल्टीमीडिया लॅपटॉप आहे,” असे एका विक्रेत्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितले. मी विचारले, “यात टीव्ही टिपता येतो का?” तो म्हणाला, “टिपायचा कशाला? सगळं ॲपवर आहे की!”

टिपण्याची अडचण

त्या मुलाचा दोष नाही. टीव्ही टिपणारे लॅपटॉप बाजारात येत असत, तेव्हा तो शाळेत असेल. २००२ साली विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती निघाली. काही लॅपटॉपांत अँटेनाची खाच असे, सोबत रिमोट येई आणि ठरल्या वेळी कार्यक्रम आपोआप टिपला जाई. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मधून ही सोय काढून टाकण्यात आली. आज अँटेनाची खाच असलेला लॅपटॉप दुकानात मागितला तर हसे होईल.

खाच असती तरी तिचा उपयोग बेताचाच होता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा गच्चीवर अँटेना उभारला की चित्र घरात येई. हवेतून येणाऱ्या त्या चित्राला कुलूप नव्हते. पुढे केबल आली. मग २०१२ च्या अखेरीस मुंबईत आणि २०१३ मध्ये पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. आता वाहिन्या कुलूपबंद येतात आणि किल्ली त्या बॉक्सात असते. बॉक्समधून निघणाऱ्या एचडीएमआय तारेलाही बहुधा कुलूप असते. ती टिपणीच्या यंत्राला जोडली की पडदा काळा! काही बॉक्सांना स्वतःची टिपणीची सोय आहे, पण तो कार्यक्रम सहसा त्याच बॉक्सात उघडतो. बॉक्स परत केला की कार्यक्रम गेला. ॲपवर ‘डाउनलोड’ करून घेतलेली मालिकाही अशीच. ती वाचनालयातल्या पुस्तकासारखी. मुदत संपली की परत.

मग उरते काय? एक म्हणजे खुल्या वाहिन्या. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची छत्रीसेवा आज ‘डीडी फ्री डिश’ या नावाने चालते आणि तिला मासिक वर्गणी नाही. तिच्यावरच्या ज्या वाहिन्या कुलुपाविना येतात, त्या उपग्रहासाठीचा यूएसबी ट्यूनर घेऊन लॅपटॉपवर पाहता येतात आणि टिपताही येतात. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या व्हीसीआरच्या मागची पिवळी, पांढरी आणि तांबडी खाच. तिथून निघणारे चित्र यूएसबीच्या छोट्या टिपणीयंत्रातून लॅपटॉपवर घेता येते. घरात जुन्या कॅसेट असतील, तर या यंत्रासारखे दुसरे साधन नाही.

कायद्याचीही जाणीव ठेवावी. घरी पुढे पाहण्यासाठी कार्यक्रम टिपणे गैर नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सोनी कंपनीच्या व्हिडिओयंत्राच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही खासगी कामापुरत्या वाजवी वापराला जागा आहे. परंतु टिपलेले वाटणे किंवा विकणे वेगळे. कुलूप फोडण्याविरुद्धही २०१२ च्या दुरुस्तीने स्वतंत्र कलम आले आहे.

ठेवायचे ते काय?

“एवढा खटाटोप करून ठेवायचं काय? सगळंच तर कुठे ना कुठे असतं,” असे यजमान म्हणाले. हा समज पुष्कळांचा आहे. ब्रिटनच्या बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत आपलेच कितीतरी कार्यक्रम पुसून टाकले. टेप महाग होत्या, ठेवायला जागा नव्हती आणि ते पुन्हा कोणी पाहील असे कोणाला वाटले नव्हते. ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे अनेक भाग असे गेले. मात्र चित्र हरवलेल्या त्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. कारण घरोघरच्या काही प्रेक्षकांनी तो आपल्या टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवला होता! फिलाडेल्फियातील मॅरियन स्टोक्स या एके काळच्या ग्रंथपाल बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत दूरचित्रवाणीवरच्या बातम्या अखंड टिपल्या. त्यांच्यामागे सुमारे ७०,००० कॅसेट राहिल्या. पुढे इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने त्या जतनासाठी घेतल्या.

आमच्याकडे सत्तर हजार नाहीत, एक आहे. १९९१ साली सासूबाईंच्या भजनी मंडळाला दूरदर्शनच्या एका कार्यक्रमात गाण्याची संधी मिळाली होती. आमच्याकडे तेव्हा व्हीसीआर नव्हता. शेजाऱ्यांनी तो कार्यक्रम आपल्याकडे टिपला आणि कॅसेट अण्णांना दिली. सासूबाई २००६ साली गेल्या. चिरंजीवांचा जन्म त्यानंतरचा. फोटोतली आजी त्यांना ठाऊक होती. हलणारी, गाणारी आजी त्यांनी कधी पाहिली नव्हती. कॅसेट कपाटात होती, पण ती लावायची कशावर? जगात व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ साली ते बनवणे थांबवले. शिवाय आपल्या पावसाळी हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच यंत्रात घातली तर टेपही खराब होते आणि यंत्रही.

एका दुरुस्तीवाल्याने ती साफ करून दिली आणि चालू स्थितीतला व्हीसीआर दोन दिवसांसाठी भाड्याने दिला. टिपणीयंत्र जोडले आणि ओबीएस स्टुडिओ ही फुकट मिळणारी प्रणाली लॅपटॉपवर घेतली. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ टिपायला लागतो. त्यात घाई चालत नाही. चित्र जुन्या चौकोनी घाटाचे. लांबट पडद्यावर ते ताणून बसवण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास सारी माणसे लठ्ठ दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

सासूबाई दुसऱ्या रांगेत होत्या, हातात झांज. मध्येच त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिले, चूक ध्यानात येऊन हसल्या आणि मान खाली घातली. चिरंजीव म्हणाले, “आजी माझ्यासारखी हसते!” वाक्य वर्तमानकाळी होते. मराठीची शिक्षिका असूनही मला ते सुधारावेसे वाटले नाही. दहा-बारा बायकांच्या सामुदायिक गाण्यात एकीचा आवाज वेगळा काढणे माझ्या कानाला जमले नाही. अण्णा म्हणाले, “मला कळतो.”

हिशेब आणि सल्ला

आता थोडे गणित. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने टिपले तर तासाला सुमारे ४५० एमबी जागा लागते. साधे चित्र चार मेगाबिटने चांगले येते, म्हणजे तासाला १.८ जीबी. एचडी चित्राला आठ मेगाबिट धरले तर ३.६ जीबी. तीन तासांचे नाटक एचडीत टिपले की जवळजवळ ११ जीबी गेले. लॅपटॉपात ५१२ जीबीची जागा असली तरी तिच्यात यंत्राचा स्वतःचा संसारही असतो. म्हणून आतली जागा वाढवण्यात पैसे घालण्यापेक्षा १ टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात आणि दोन्हींवर एकेक प्रत ठेवावी. डिस्क बिघडते, दोन एकाच दिवशी बिघडण्याचा संभव कमी. त्यातली एक नात्यातल्या दुसऱ्या घरी ठेवली तर आणखी उत्तम. प्रत्येक फाइलला नाव, वर्ष आणि त्यात कोण आहे हे मराठीत लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनी दुसऱ्या रांगेतली झांजवाली कोण, हे सांगायला अण्णा नसतील.

तेव्हा वाचकहो, खरेदीला निघण्यापूर्वी घरच्या मंडळींना एकदा विचारून पाहा: पाहायचे आहे की ठेवायचे आहे? पाहायचेच असेल तर पडदा आणि आवाज पारखून मध्यम किमतीचा कोणताही लॅपटॉप घ्या. जाहिरातीतल्या विशेषणांना भुलू नका. ठेवायचे असेल तर लॅपटॉपवरचे थोडे पैसे वाचवून ते टिपणीयंत्र आणि दोन डिस्क यांवर खर्च करा. मालिका आणि सामने ठेवण्याची काळजी त्यांचे मालक आपल्या सोयीने करतील. ज्या कार्यक्रमात आपल्या घरचे माणूस क्षणभर दिसले, त्याची काळजी दुसरे कोणी करणार नाही. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काढलेल्या कॅसेट अजून दारात पडल्या असतील, तर रद्दीवाला येण्यापूर्वी त्यांवरची लेबले एकदा नीट वाचा.