निसान लीफ : बॅटरीची झीज आणि जुन्या गाडीचा भाव

निसान लीफ ही विजेवर चालणारी मोटार डिसेंबर २०१० मध्ये जपान आणि अमेरिकेत विक्रीस आली. सुरुवातीच्या मॉडेलमधील २४ किलोवॅट-तास क्षमतेच्या लिथियम-आयन बॅटरीत ४८ मॉड्यूल आणि १९२ सेल होते. ती थंड ठेवण्यासाठी द्रव खेळवण्याची सोय नव्हती. उष्णतेमुळे सेलमधील रासायनिक झीज वाढते. त्यामुळे अमेरिकेतील अ‍ॅरिझोनासारख्या तप्त राज्यातून २०१२ मध्ये क्षमता घटल्याच्या तक्रारी आल्या.

डॅशबोर्डवरच्या १२ पट्ट्या बॅटरीची उरलेली क्षमता दाखवतात. सुमारे १५ टक्के घट झाली की पहिली पट्टी विझते. पुढची प्रत्येक पट्टी साधारण ६ टक्क्यांना जाते. पट्ट्या नऊपेक्षा कमी झाल्यास बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची हमी कंपनीने अमेरिकेत २०१३ मध्ये दिली. तिची मुदत पाच वर्षे किंवा ६०,००० मैल, यांपैकी जे आधी होईल ते, अशी होती. २०१४ मध्ये तिथे नव्या बॅटरीची किंमत ५,४९९ डॉलर जाहीर झाली. मात्र जुनी बॅटरी परत करावी लागे आणि नवी बसवण्याची मजुरी वेगळी होती. २०१५ च्या मॉडेलपासून उष्णता अधिक सोसणारी बॅटरी आली.

जुनी लीफ विकताना वर्ष आणि धाव यांइतकाच पट्ट्यांचा आकडा भाव ठरवतो. काही विक्रेते प्रणाली रीसेट करतात आणि काही काळ बाराही पट्ट्या दिसू लागतात. म्हणून जाणकार गिऱ्हाईक गाडीच्या निदान-पोर्टला छोटे यंत्र जोडून मोबाइलवर प्रत्येक सेलचा व्होल्टेज तपासते. एखादाच सेल मागे पडला असेल, तर तेवढे मॉड्यूल बदलून भागते.